कर्जाचा हप्ता आणि देशाचे गुपित

अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कामकाज १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात निधीच्या मंजुरीअभावी ठप्प झाले होते. तोवरच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ ठरलेल्या या ४३ दिवसांच्या 'शटडाऊन'मध्ये लाखो सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. घराचा हप्ता, मोटारीचा हप्ता, क्रेडिट कार्डाचे देणे यांची ओढाताण तेथील मध्यमवर्गाला नवी नाही. परंतु गोपनीय कागदपत्रे हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे त्याखेरीज एक वेगळीच चिंता उभी होती. त्यांच्या बाबतीत थकलेला हप्ता हा केवळ बँक आणि ग्राहक यांच्यातील मामला उरत नाही. तो सरकारी चौकशीचा विषय होतो आणि प्रसंगी नोकरीवरही गदा आणतो. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात ३५ दिवसांचे 'शटडाऊन' झाले, तेव्हा एफबीआयच्या एजंटांच्या संघटनेने हीच भीती जाहीरपणे बोलून दाखविली होती.

पगार सरकारनेच रोखायचा आणि त्यामुळे थकलेल्या देण्याचा जाबही सरकारनेच विचारायचा, हा विरोधाभास वरकरणी विचित्र वाटतो. मात्र माणसाच्या कर्जावरून आणि नोकरीतील वर्तनावरून त्याच्या विश्वासार्हतेचे माप काढण्याची ही पद्धत काही कटू अनुभवांतून घडलेली आहे. ती मुळातून अन्याय्य आहे, असे म्हणता येणार नाही. ती निर्दोष आहे, असेही म्हणता येणार नाही.

मंजुरी नव्हे, उपजीविका

गोपनीय माहिती हाताळण्यासाठी अमेरिकेत जी सरकारी मंजुरी लागते, तिला 'सिक्युरिटी क्लिअरन्स' म्हणतात. 'कॉन्फिडेन्शिअल', 'सीक्रेट' आणि 'टॉप सीक्रेट' अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. २०१९ च्या सुमारास अशी मंजुरी असलेल्यांची संख्या ४२ लाखांच्या आसपास होती. त्यात केवळ हेर आणि लष्करी अधिकारी येतात असे नव्हे. संरक्षण खात्याची कंत्राटे घेणाऱ्या खासगी कंपन्यांतील अभियंते, संगणकतज्ज्ञ, हिशेबनीस, भाषांतरकार, इतकेच काय, गोपनीय विभागांच्या इमारतींत देखभालीचे काम करणारे कामगारही तिच्या कक्षेत येतात. मंजुरी गेली की या मंडळींची त्या क्षेत्रातील उपजीविकाच जाते. दुसरी कंपनी गाठून भागत नाही, कारण तेथेही तीच मंजुरी लागते.

या मंजुरीवर कोणाचाही हक्क नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये 'नौदल विरुद्ध इगन' या खटल्यात स्पष्ट केले. पाणबुड्यांच्या दुरुस्तीतळावरील एका कामगाराला जुन्या गुन्ह्यांच्या नोंदींमुळे आणि त्यांतील काही अर्जात न सांगितल्यामुळे मंजुरी नाकारण्यात आली होती व परिणामी त्याची नोकरी गेली होती. मंजुरी देणे वा न देणे हा भविष्यातील वर्तनाविषयीचा अंदाज आहे, तो बांधण्याचा अधिकार प्रशासनाचा आहे आणि त्या निर्णयाच्या गुणवत्तेत नोकरीविषयक अपील मंडळाने शिरू नये, असा त्या निकालाचा आशय होता. साहजिकच संशयाचा फायदा येथे आरोपीला मिळत नाही, तर देशाच्या सुरक्षेला मिळतो. फौजदारी न्यायाच्या नेमके उलट असे हे तत्त्व आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

खासगी कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना मात्र थोडे संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये 'ग्रीन विरुद्ध मॅकेलरॉय' या खटल्यात एका विमान अभियंत्याच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर १९६० मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी काढलेल्या आदेशाने अशा कर्मचाऱ्यांना आरोपांची लेखी कारणे आणि सुनावणी मिळू लागली. आज संरक्षण खात्याच्या सुनावणी व अपील कार्यालयात ही प्रकरणे चालतात. निकाल नावे वगळून प्रसिद्ध होतात. ते चाळले की हेरगिरीच्या चित्तथरारक कथा क्वचितच हाती लागतात. वारंवार भेटतात ती थकलेली कार्डे, जप्त झालेली घरे, न भरलेली प्राप्तिकर विवरणपत्रे आणि अर्जात लपविलेली बडतर्फी.

संशयाचे मूळ

कर्जाकडे इतक्या संशयाने का पाहिले जाते, याचे उत्तर इतिहासात आहे. नौदलातील अधिकारी जॉन वॉकर याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत वकिलातीची पायरी चढली, तेव्हा त्याने काढलेला बार तोट्यात गेला होता. १९८५ मध्ये पकडला जाईपर्यंत सतरा वर्षांहून अधिक काळ तो नौदलाची सांकेतिक गुपिते विकत राहिला. राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील रोनाल्ड पेल्टन याने १९७९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, नोकरी सोडली आणि पुढच्याच वर्षी सोव्हिएत वकिलातीशी संपर्क साधला. त्याने विकलेल्या माहितीची किंमत होती ३५ हजार डॉलर.

सर्वांत मोठा धडा दिला तो सीआयएच्या अल्ड्रिच एम्स याने. घटस्फोटामुळे आणि खर्चिक राहणीमुळे कर्जात बुडालेल्या एम्सने एप्रिल १९८५ मध्ये सोव्हिएत वकिलातीत पाऊल टाकले. पहिला हप्ता ५० हजार डॉलरचा होता. एकूण रक्कम पुढे वीस लाख डॉलरच्या वर गेली. त्याने दिलेल्या नावांपैकी अनेकांना मॉस्कोत देहान्त शासन झाले. या काळात त्याने ५ लाख ४० हजार डॉलरचे घर रोखीने घेतले आणि तो जॅग्वार मोटारीतून कार्यालयात येऊ लागला. त्याच्या पगारात यांतले काहीच बसत नव्हते. सत्यशोधन यंत्राच्या चाचण्यांत तो १९८६ व १९९१ असा दोनदा पार झाला. अखेर फेब्रुवारी १९९४ मध्ये तो पकडला गेला.

एम्सच्या प्रकरणात कर्जाइतकीच बोलकी होती ती त्याची नोकरीतील वर्तणूक. कामाच्या वेळेत मद्यपान, हिशेबाचे कागद वेळेवर न देणे, असे त्याचे प्रताप सहकाऱ्यांना ठाऊक होते. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत गोपनीय कागद असलेली बॅग तो विसरला होता. तरीही बढत्या आणि महत्त्वाच्या नेमणुका मिळत गेल्या. सिनेटच्या समितीने १९९४ च्या अहवालात या ढिलाईवर कडक ताशेरे ओढले. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९९५ मध्ये, अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी गोपनीय माहितीच्या हाताळणीविषयीचा व्यापक आदेश काढला आणि आर्थिक स्थितीची तपासणी हा मंजुरीचा पक्का भाग बनला.

नियम काय म्हणतो?

जून २०१७ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक सूत्रांत एकूण तेरा कसोट्या आहेत. त्यांपैकी एक आर्थिक बाबींची, तर दुसरी वैयक्तिक वर्तनाची. कर्ज असणे हा दोष आहे, असे हे नियम कोठेही म्हणत नाहीत. कर्ज फेडता न येणे, फेडण्याची इच्छा नसणे, सातत्याने ऐपतीबाहेर खर्च करणे, जुगार, प्राप्तिकराची विवरणपत्रे न भरणे, कार्यालयीन खर्चाची खोटी बिले लावणे आणि ज्याचा उलगडा होत नाही अशी अचानक आलेली श्रीमंती, या गोष्टी शंकास्पद मानल्या आहेत. म्हणजे नियमाला गरिबीची जितकी धास्ती आहे, तितकीच अवचित सुबत्तेची आहे. हा एम्सचाच वारसा म्हणायचा.

त्याच नियमांत सुटकेची दारेही आहेत. नोकरी जाणे, धंदा बसणे, अकस्मात आजारपण, मृत्यू, घटस्फोट, सावकारी फसवणूक किंवा ओळखीची चोरी अशा आवाक्याबाहेरच्या कारणांनी कर्ज झाले असेल आणि त्या परिस्थितीत माणूस जबाबदारीने वागला असेल, तर ते त्याच्या बाजूने जमेस धरले जाते. धनकोशी बोलून हप्ते ठरविणे, अधिकृत समुपदेशन घेणे, प्राप्तिकर खात्याशी समझोता करून तो पाळणे, यांना मोल आहे. थोडक्यात, रक्कम किती यापेक्षा कर्ज का झाले आणि त्यानंतर माणसाने काय केले, हे दोन प्रश्न निर्णायक ठरतात. ही उत्तरे पुराव्यानिशी देण्याची जबाबदारी मात्र अर्जदाराची आहे. बँकेशी झालेला पत्रव्यवहार, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या, रुग्णालयाची बिले हे सारे त्यानेच सादर करायचे असते. 'शटडाऊन'मध्ये पगार थांबलेल्या कर्मचाऱ्याचीही यातून सुटका नाही. कारण त्याच्या आवाक्याबाहेरचे होते हे उघड असले, तरी धनकोला त्याने वेळीच कळविले होते का, हा प्रश्न त्यालाही विचारला जाऊ शकतो.

लपविले की फसले

मंजुरीसाठी भरावयाचा 'एसएफ-८६' हा अर्ज शंभराहून अधिक पानांचा आहे. गेल्या सात वर्षांत दिवाळखोरी जाहीर केली का, कोणते देणे १२० दिवसांहून अधिक थकले होते का, हे त्यात विचारले जाते. नोकरीविषयीचे प्रश्न त्याहून अडचणीचे आहेत. गेल्या सात वर्षांत कामावरून काढून टाकले का? काढणार असल्याचे कळल्यावर राजीनामा दिला का? गैरवर्तनाच्या आरोपानंतर आपसांत ठरवून नोकरी सोडली का? लेखी ताकीद, निलंबन वा शिस्तभंगाची कारवाई झाली का? राजीनामा मागून घेऊन प्रकरण मिटवायची रीत आपल्याकडे आहे, तशीच तिकडेही आहे. अर्जातील प्रश्न ही पळवाट बंद करतो.

येथेच अनेक जण अडकतात. चार वर्षांपूर्वीच्या कंपनीतील ताकीद कोण पाहणार, या समजुतीने 'नाही' या रकान्यात खूण केली जाते. चौकशी अधिकारी मात्र जुन्या मालकांशी, वरिष्ठांशी, शेजाऱ्यांशी बोलतात आणि पतअहवाल मागवितात. नोंद सापडली की मूळ चूक मागे पडते व खोटेपणा पुढे येतो. ताकीद कदाचित क्षम्य ठरली असती. जाणूनबुजून दडविलेली ताकीद क्षम्य ठरणे अवघड. अशा अर्जात बुद्ध्या खोटे विधान करणे हा अमेरिकी कायद्यानुसार पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा असलेला गुन्हाही आहे. याउलट, चौकशी अधिकाऱ्याने पुरावा समोर ठेवण्याआधीच चूक स्वतःहून दुरुस्त केली, तर नियम ते ध्यानात घेतो.

यामागील तर्क साधा आहे. ज्याचे गुपित त्याच्या वरिष्ठांना ठाऊक नाही, त्याला त्या गुपिताचा धाक घालता येतो. जे उघड झाले आहे, त्याचा धाक कोण घालणार? म्हणून कबुली ही येथे केवळ नैतिक बाब राहत नाही. ती सुरक्षेची उपाययोजना ठरते.

नोंदीबाहेरचे दिसत नाही

तर्क बिनतोड असला, तरी अंमलबजावणीत जागोजागी फटी आहेत. सप्टेंबर २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डमध्ये ॲरन अलेक्सिस याने १२ जणांना गोळ्या घातल्या. तो कंत्राटदाराचा कर्मचारी होता आणि नौदलात असताना मिळालेली 'सीक्रेट' दर्जाची मंजुरी त्याच्याकडे होती. २००४ मध्ये सिएटलला त्याने गोळ्या झाडून एका मोटारीचे टायर फोडले होते. मात्र त्याच्या पार्श्वभूमीच्या अहवालात बंदुकीचा उल्लेखच आला नाही. नौदलातील त्याची वर्तणूकही वारंवार शिस्तभंगाची होती. तरीही २०११ मध्ये तो सन्मानाने सेवामुक्त झाला आणि मंजुरी कायम राहिली. त्या काळी 'सीक्रेट' मंजुरीची फेरतपासणी दहा वर्षांनी होत असे. मधल्या काळात माणूस बदलला तर ते टिपण्याची व्यवस्था नव्हती.

त्यानंतर सतत तपासणीची पद्धत आली. ऑक्टोबर २०२१ पर्यंत संरक्षण खात्याने आपल्या कक्षेतील सर्व मंजुरीधारकांना तिच्यात सामावून घेतले. पतनोंदी, पोलिसांच्या नोंदी, न्यायालयीन नोंदी संगणकाद्वारे तपासल्या जातात आणि संशयास्पद काही दिसले की इशारा मिळतो. थकलेले कार्ड आता दहा वर्षे वाट पाहत नाही. पण यंत्राला नोंदच दिसते. एप्रिल २०२३ मध्ये अटक झालेला हवाई नॅशनल गार्डचा जवान जॅक टेक्सेरा याचे उदाहरण ताजे आहे. तो गोपनीय माहितीची टिपणे घेत असल्याचे वरिष्ठांनी २०२२ च्या शरद ऋतूत पाहिले होते आणि त्याला समजही दिली होती. मात्र सुरक्षा अधिकाऱ्यांना ते योग्य रीतीने कळविले गेले नाही. पुढे हवाई दलाने १५ जणांवर कारवाई केली आणि टेक्सेराला नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. कर्जाचा हप्ता यंत्राला दिसतो; शेजारच्या टेबलावरचे गैरवर्तन माणसालाच दिसते आणि ते सांगण्याचे धाडसही माणसालाच करावे लागते.

दुसरी फट समान वागणुकीची. एप्रिल २०१९ मध्ये व्हाइट हाऊसमधील मंजुरी विभागाच्या कर्मचारी ट्रिशिया न्यूबोल्ड यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीला सांगितले, की नाकारण्याची शिफारस झालेल्या २५ जणांना वरिष्ठांनी मंजुरी दिली. नकाराच्या कारणांत परकीय संबंध, वैयक्तिक वर्तन आणि आर्थिक अडचणी यांचा समावेश होता. सामान्य कारागिराला ज्या कारणासाठी वकील शोधावा लागतो, तेच कारण सत्तेच्या जवळ असणाऱ्याला अडवत नाही, असा याचा अर्थ निघतो.

तिसरी बाब विश्वासाची. सरकार नागरिकाकडून सर्व काही उघड करण्याची अपेक्षा ठेवते, तेव्हा ती माहिती सांभाळण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. २०१५ मध्ये कार्मिक व्यवस्थापन कार्यालयाच्या संगणकांतून पार्श्वभूमी चौकशीशी संबंधित सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले. अमेरिकी अधिकाऱ्यांचा रोख चीनकडे होता. कोण कर्जात आहे, कोणाला नोकरीवरून काढले होते, कोणाचा संसार मोडला, याची यादी परकीयांच्या हाती लागू नये म्हणून जी चौकशी केली जाते, तिचीच कागदपत्रे अशी परस्पर गेली.

कर्ज रोखण्याचा मार्ग

अर्थात, कर्जबाजारी कर्मचाऱ्याला शिक्षा करण्याऐवजी त्याला कर्जाच्या सापळ्यातून वाचविण्याचा मार्गही अमेरिकेने एकदा चोखाळला आहे. लष्करी तळांच्या फाटकांबाहेर पुढच्या पगारावर अल्पमुदतीचे कर्ज देणारी दुकाने असत आणि वार्षिक हिशेबाने त्यांचा व्याजदर तीनशे-चारशे टक्क्यांवर जाई. जवान त्यात अडकत, मंजुरी गमावत आणि तुकडीला प्रशिक्षित माणूस गमवावा लागे. २००६ मध्ये संरक्षण खात्याने या सावकारीविरुद्ध अहवाल दिला आणि त्याच वर्षी काँग्रेसने जवानांना द्यावयाच्या कर्जावर वार्षिक ३६ टक्क्यांची मर्यादा घालणारा कायदा केला. कर्ज ही केवळ व्यक्तीच्या चारित्र्याची गोष्ट नसून बाजाराच्या रचनेचीही गोष्ट आहे, याची ती कबुलीच होती.

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही हा विषय परका नाही. मंजुरी फक्त अमेरिकी नागरिकांना मिळते. एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांना नाही. परंतु नागरिकत्व घेतलेले आणि तेथेच जन्मलेले अनेक अभियंते संरक्षण क्षेत्राकडे वळू शकतात. त्यांना पुण्यातील सदनिका, गावाकडील जमिनीतील वाटा, भारतीय नातेवाइकाला केलेली नियमित मदत, हेही अर्जात नमूद करावे लागते. थकबाकीविषयीचा प्रश्नही अमेरिकी बँकांपुरता मर्यादित नाही.

आपल्याकडे इतकी विस्तृत व्यवस्था नसली, तरी तत्त्व अनोळखी नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील सतरावा नियम सरकारी नोकराने सवयीचे कर्जबाजारीपण टाळावे, असे बजावतो. नादारी आवाक्याबाहेरच्या कारणाने आली, उधळपट्टीने नव्हे, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही तो कर्मचाऱ्यावरच टाकतो. दोन लोकशाही देशांच्या नियमांतील हे साम्य लक्षणीय आहे.

कर्जावरून माणूस ओळखता येतो का, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. बहुसंख्य कर्जदार देश विकत नाहीत. ते पगारवाढीची वाट पाहत हप्ते भरत राहतात. दुसरीकडे वॉकर, पेल्टन आणि एम्स हेही कर्जदारच होते. या दोहोंतील फरक रकमेत सापडत नाही. तो लपवाछपवीत आणि वागण्यात सापडतो आणि तो ओळखण्यासाठी पतअहवालापलीकडे जाऊन माणसाचे ऐकून घ्यावे लागते. नियमांच्या मसुद्यात ही समज आहे. मात्र सुनावणीसाठी वकील परवडत नाही म्हणून प्रामाणिक कर्मचारी मागे हटणार असेल आणि वशिल्याचा अर्जदार पुढे जाणार असेल, तर ती समज कागदावरच राहील. पुढच्या 'शटडाऊन'मध्ये पुन्हा पगार थांबले, तर थकलेल्या हप्त्यांचा जाब विचारताना सरकारला आधी स्वतःकडे पाहावे लागेल.